फॉर्ममध्ये न मावलेला माणूस: अमेरिकेतून इंग्लंडला इकॉनॉमिक्स शिकायला जाणाऱ्यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे "बघा", "म्हणजे" येतं ते थोडं कापलंय, पण सगळं नाही.

आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. समजा तुम्ही सतरा वर्षांचे आहात, अमेरिकेत बारावीला आहात आणि तुम्हाला इकॉनॉमिक्स शिकायचंय. तुमच्यासमोर दोन फॉर्म आहेत. एक अमेरिकेतला कॉमन अ‍ॅप, दुसरा ब्रिटनचा यूकॅस.

कॉमन अ‍ॅपवर तुम्ही वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करू शकता. त्यात ६५० शब्दांचा एक निबंध असतो, शाळेबाहेर काय काय केलं त्याच्या दहा नोंदी असतात. निबंधात इकॉनॉमिक्सचं नावही नसलं तरी चालतं. आजीबद्दल लिहा, हरलेल्या मॅचबद्दल लिहा. "तू कोण आहेस" हे त्यांना बघायचं असतं. विषय नंतर ठरवता येतो, बदलताही येतो.

यूकॅसचं गणित उलटं. फक्त पाच पर्याय, आणि प्रत्येक पर्याय म्हणजे विद्यापीठ अधिक विषय. इकॉनॉमिक्स म्हणालात की पहिल्या दिवसापासून इकॉनॉमिक्स. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी त्या वर्षी एकच निवडायचं, आणि त्यासाठी मुदत १५ ऑक्टोबर. स्वतःबद्दल लिहायला एकूण ४००० अक्षरं, स्पेस धरून. पाचही विद्यापीठांना तेच लिखाण जातं. म्हणजे केंब्रिजचं कौतुक करायची सोयच नाही, कारण ते लंडनमध्येही वाचलं जाणार.

माझं रोजचं काम बॅकएंडचं. डेटाबेसचे टेबल बनवणं, त्यात कुठले कॉलम हवेत ते ठरवणं. या कामात एक गोष्ट लवकर कळते. ज्या गोष्टीला कॉलम नाही, ती सिस्टीमच्या दृष्टीने जगात नाही. आणि कॉलम आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कारणासाठी ते ठरवलेले असतात. तर या दोन फॉर्मचे कॉलम कुणी ठरवले आणि त्यात कोण मावलं नाही, हे आज बघू.

आधी सगळे जर्मनीला जायचे

एकोणिसाव्या शतकात इकॉनॉमिक्स शिकायला अमेरिकन पोरं इंग्लंडला जातच नव्हती. अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो, मिल ही सगळी मंडळी ब्रिटनची, विषय त्यांनी उभा केला, आणि तरी शिकायला जायचं तर बर्लिन, हायडलबर्ग, हाले. कारण साधं होतं. जर्मन विद्यापीठं परदेशी पदवीधराला संशोधन करू द्यायची आणि शेवटी डॉक्टरेट द्यायची. ब्रिटनमध्ये तेव्हा पीएचडी ही पदवीच नव्हती. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र हा तत्त्वज्ञान आणि इतिहासाच्या परीक्षांमधला एक तुकडा होता.

१८८५ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन स्थापन झाली. तिच्यामागे असलेली रिचर्ड इली, जॉन बेट्स क्लार्क, एडविन सेलिगमन ही नावं बघितली तर सगळे जर्मनीत शिकून आलेले. यातलं सेलिगमन हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्याकडे परत येणार आहे.

ब्रिटनमध्ये चित्र हळूहळू बदललं. १८९५ मध्ये सिडनी आणि बिआट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस आणि नाटककार बर्नार्ड शॉ यांनी मिळून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुरू केलं. पैसा आला हेन्री हचिन्सन नावाच्या एका सभासदाच्या मृत्युपत्रातून. केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी बरीच वर्षं खटपट करून १९०३ मध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा, म्हणजे इकॉनॉमिक्स ट्रायपॉस, मिळवली. आज यूकॅसवर "इकॉनॉमिक्स" हा एक शब्द निवडून तीन वर्षं तेवढंच शिकता येतं, त्याची मुळं इथे आहेत. मार्शल यांचं म्हणणं होतं की हा विषय दुसऱ्या विषयांच्या वळचणीला राहून शिकता येणार नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि अमेरिकन विद्यार्थ्यांचा जर्मनीचा रस्ता बंद झाला. ब्रिटिश विद्यापीठांच्या लक्षात आलं की ही पोरं आपल्याकडे वळवता येतील, फक्त त्यांना घरी न्यायला एक पदवी हवी. १९१७ मध्ये ऑक्सफर्डने डीफिल सुरू करायचं ठरवलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीच्यांनीही पीएचडी आणली. म्हणजे ब्रिटनची पीएचडी ही बऱ्याच अंशी अमेरिकन गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून आलेली गोष्ट आहे.

न्यूयॉर्कहून लंडनला गेलेला मुंबईकर

याच रस्त्याने, ही पदवी सुरू व्हायच्या एक वर्ष आधी, एक विद्यार्थी न्यूयॉर्कहून लंडनला गेला. तो अमेरिकन नव्हता, पण अर्थशास्त्र अमेरिकेत शिकून आलेला होता. तुम्ही ओळखलं असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथे त्यांचे प्राध्यापक होते हेच एडविन सेलिगमन. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी एलएसईत नाव घातलं. पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली होती. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं.

आता बघा, तेव्हा कसला यूकॅस आणि कसलं पोर्टल. अर्ज चालायचा पत्रावर. सेलिगमन यांनी लंडनमधले प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिलं. त्यावर फॉक्सवेल यांनी एलएसईच्या सेक्रेटरीला जे कळवलं, त्याचा आशय असा होता की या माणसाचं डॉक्टरेटपर्यंतचं सगळं आधीच झालंय, जिंकायला त्याच्यासाठी आपल्याकडे आता काही उरलेलं नाही. कौतुकाने दिलेला नकार म्हणावा असाच सूर. बाबासाहेब तरीही राहिले. १९२१ मध्ये एमएस्सी केलं. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आधी परत आला, त्यांनी तो बदलून पुन्हा दिला आणि त्याच वर्षी डीएस्सी मिळवली.

या पत्रव्यवहारात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कहून लंडनला गेलेल्या पत्रात या विद्यार्थ्याने काय अभ्यास केलाय आणि काय करायचंय हा मुद्दा होता. त्यांना भारतात आयुष्यभर जो प्रश्न आधी विचारला गेला, "आडनाव काय?", तो तिथे प्रवेशाचा निकष नव्हता.

पण थांबा. ज्या अमेरिकेतून ते लंडनला आले होते, तिथे नेमका हाच प्रश्न फॉर्मवर छापला जाणार होता.

"तुमचं आडनाव बदललंय का?"

१९२० पर्यंत हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर चालायचा. त्यामुळे न्यूयॉर्क, बॉस्टनमधल्या गरीब स्थलांतरित ज्यू घरांतली हुशार मुलं मोठ्या संख्येने आत येऊ लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना हे खुपलं. १९२२ मध्ये त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांवर उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. गदारोळ झाला, उघड कोटा बारगळला.

मग कोटा मागच्या दाराने आला. त्याच वर्षी हार्वर्डच्या अर्जात नवे कॉलम आले. वंश आणि वर्ण, धर्म, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचं जन्मस्थान. आणि एक प्रश्न असा की जन्मापासून तुमचं किंवा तुमच्या वडिलांचं नाव बदललं आहे का, असेल तर काय बदल केला. पुढे १९२६ च्या सुमारास "चारित्र्य" हा निकष ठळक झाला, फोटो मागायला लागले, मुलाखतींना वजन आलं. येल आणि प्रिन्स्टननेही याच वाटेने ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरली. मार्क कमी पडले असं सांगता येत नव्हतं, म्हणून व्यक्तिमत्त्व कमी पडलं असं सांगितलं जाऊ लागलं.

आपल्या श्रोत्यांना हे समजवायला लागणार नाही. नाव ऐकल्यावर "आणि आडनाव?" असं विचारणारा माणूस काय मोजतोय, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं.

आजच्या कॉमन अ‍ॅपचा हेतू तो नाही, हे स्पष्ट सांगतो. ते १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी एकत्र येऊन सुरू केलं, आणि आज अनेक ठिकाणी हाच "पूर्ण माणूस बघा" विचार वंचित घरांतल्या मुलांना आत आणायलाही वापरला जातो. पण मार्कांच्या पलीकडचं बघायची ही सवय अमेरिकेत रुजली ती या असल्या मातीत.

मग ती मुलं गेली कुठे? बरीचशी सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कमध्ये. सरकारी कॉलेज, फी शून्य, प्रवेश मार्कांवर. लोक त्याला गरिबांचं हार्वर्ड म्हणायचे. इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळवणारे केनेथ अ‍ॅरो तिथलेच, १९४० चे पदवीधर. आणि १९४२ मध्ये तिथून बाहेर पडला ब्रॉन्क्समधल्या स्थलांतरित आईबापांचा मुलगा, विल्यम बॉमल. आजच्या भागाचा हीरो तो आहे.

नाकारलेला अर्ज

त्याआधी एक छोटा फेरफटका. १९३० च्या दशकात अमेरिकेतून एलएसईला जाणं हे श्रीमंतांच्या पोरांचं चांगलंच मान्य झालेलं वळण होतं. जोसेफ केनेडींनी आपला थोरला मुलगा १९३३ मध्ये तिथे पाठवला, धाकटा १९३५ मध्ये. धाकटा आजारी पडला आणि काही आठवड्यांतच घरी परतला. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, जॉन एफ. केनेडी. १९३७ मध्ये डेव्हिड रॉकफेलर आला, त्याला शिकवायला होते फ्रिडरिश हायेक. बँकरचा मुलगा पॉल स्विझी हार्वर्डहून १९३२ मध्ये आला आणि लंडनमधलं वर्ष संपवून परतला तो मार्क्सवादी होऊन. एकाच इमारतीत हायेक आणि हॅरॉल्ड लास्की दोघे शिकवत असतील तर पोरगं कुठल्या बाजूने बाहेर पडेल याची गॅरंटी कोण देणार!

बॉमलची गोष्ट वेगळी. घराणं नाही, हार्वर्ड नाही. युद्धात अमेरिकन सैन्यात होता, मग सरकारच्या शेतीखात्यात काम केलं. युद्धानंतर त्याने एलएसईला डॉक्टरेटसाठी अर्ज केला. एलएसईने तो नाकारला. फार तर मास्टर्सला या, म्हणाले.

तो गेला. १९४७ साल. लंडनमध्ये अजून रेशनिंग चालू होतं आणि बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या इमारतींचे अवशेष जागोजागी होते.

एलएसईत तेव्हा लायोनेल रॉबिन्स यांचा सेमिनार गाजलेला होता. एका टेबलाभोवती प्राध्यापक आणि विद्यार्थी बसायचे, कुणीतरी मुद्दा मांडायचा आणि बाकीचे तो सोलून काढायचे. आपल्याकडे "सर, एक डाउट आहे" म्हणतात तसं नाही, सरळ वाद. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात वाद घालणं हा पोरांचा रोजचा खुराक होता. बॉमल त्या टेबलावर बसला आणि बोलायला लागला.

काही आठवड्यांत, हो, आठवड्यांत, एलएसईने त्याला मास्टर्समधून डॉक्टरेटला बदललं. आणि तेवढ्यावर न थांबता असिस्टंट लेक्चरर म्हणून नेमलं. ज्या ठिकाणी विद्यार्थी म्हणूनही पूर्ण नको होता, तिथे तो शिक्षक झाला.

तोच माणूस. तेच मार्क, तेच कॉलेज, तोच बायोडेटा. बदललं एवढंच की कागदाऐवजी त्याला समोर बसवून ऐकलं गेलं. कागदावर त्या गोष्टीला कॉलमच नव्हता.

१९४९ मध्ये पीएचडी घेऊन बॉमल अमेरिकेत परतला. कुठे? प्रिन्स्टनमध्ये, प्राध्यापक म्हणून. ज्या तीन विद्यापीठांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्यासारख्यांना बाहेर ठेवायला फॉर्म बदलला होता, त्यांतलं एक.

पाच पर्यायांचा फॉर्म

आता ब्रिटनचा फॉर्म कुठून आला? युद्धानंतर विद्यार्थी वाढले. प्रत्येकजण चार-पाच विद्यापीठांना वेगवेगळे अर्ज करायचा. एकेका पोराच्या नावावर तीन-तीन जागा अडून राहायच्या आणि विद्यापीठांना शेवटपर्यंत कळायचं नाही की नक्की येणार कोण. आपल्याकडे कॅप राउंड का आले, तीच भानगड. म्हणून १९६१ मध्ये विद्यापीठांनी मिळून एक मध्यवर्ती प्रवेश संस्था काढली, नाव यूसीसीए. १९९३ मध्ये पॉलिटेक्निकांची तशीच संस्था तिच्यात मिसळून यूकॅस झालं.

याच काळात सरकारने उच्च शिक्षणावर एक समिती नेमली. अध्यक्ष कोण? आपले लायोनेल रॉबिन्स. १९६३ च्या त्यांच्या अहवालाचं सूत्र होतं की ज्याची पात्रता आहे आणि शिकायची इच्छा आहे, त्याला विद्यापीठात जागा मिळाली पाहिजे. बॉमलला टेबलावर ऐकणाऱ्या माणसाने हे लिहिलं, हे मला योगायोग म्हणून सोडवत नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा न्यू जर्सीत बारावीला आहे आणि सध्या हेच अर्ज भरतोय. त्याने यूकॅससाठी लिहिलेलं पाठवलं, "मामा, वाच ना." सुरुवात आजीच्या उकडीच्या मोदकांपासून. कॉमन अ‍ॅपसाठी सुरेख होतं. पण यूकॅस आता तीन प्रश्न विचारतं: हाच विषय का, अभ्यासाने तुझी तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलंस जे या विषयाला उपयोगी पडेल. तिन्ही प्रश्नांत विषयच. मी त्याला म्हटलं, अरे, मोदक ठेव, पण तांदळाच्या पिठाचा भाव सणाच्या आठवड्यात एडिसनच्या दुकानात का चढतो ते लिही. त्यावर त्याने खरंच चार आठवडे भाव लिहून काढले. माझ्या मते त्याच्या अर्जातला तोच भाग सगळ्यात चांगला झालाय.

आणि पैसे

एक मोठा कॉलम मी अजून काढलेलाच नाही: फी. १९६७ मध्ये ब्रिटनने पहिल्यांदा परदेशी विद्यार्थ्यांना जास्त फी लावली. १९८० पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण खर्च भरायला लावलं. तेव्हापासून अमेरिकन विद्यार्थी हा पाहुणा कमी आणि उत्पन्नाचं साधन जास्त झाला. तरी अमेरिकेतल्या महाग खाजगी कॉलेजशी तुलना केली तर हिशोब पुष्कळदा जमतो, कारण इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र चार.

अमेरिकेत फी इतकी का वाढली? याचं एक प्रसिद्ध उत्तर बॉमलनेच दिलंय. १९६० च्या दशकात त्याने विल्यम बोवेन यांच्याबरोबर नाटक-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं साधं होतं. चार वादकांना एक जुनी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ लागायचा, तितकाच आजही लागतो. कारखान्यात मात्र एक माणूस पूर्वीच्या कितीतरी पट माल काढतो, म्हणून तिथले पगार वाढतात. वादकाचा पगार वाढवला नाही तर तो वाद्य ठेवून कारखान्यात जाईल. म्हणजे वादकाचं काम तेवढंच, पण खर्च वाढतच जाणार. याला बॉमलचा कॉस्ट डिसीज म्हणतात.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. जे काम करायला पूर्वी टीमला आठवडा लागायचा, ते आज स्क्रिप्ट दहा मिनिटांत करते. पण साठ पोरांना एक तास शिकवायला आजही एक तासच लागतो, आणि त्या प्राध्यापकाला कंपन्यांच्या पगाराशी टक्कर देत टिकवावं लागतं. फी वाढण्याची बाकीही कारणं आहेत, सरकारी मदत आटणं हे एक. पण हा आजार त्या सगळ्याच्या तळाशी आहे.

यात एक बोचरी गोष्ट आहे. रॉबिन्सचा सेमिनार, म्हणजे एका टेबलाभोवती माणसांनी माणसांना ऐकणं, ही नेमकी तीच गोष्ट आहे जी स्वस्त होत नाही. बॉमलला ज्या टेबलाने वाचवलं, ते टेबल सगळ्यात महाग. फॉर्म मात्र स्वस्त आहे. लाख अर्ज आले तरी कॉलम तेवढेच. म्हणून अर्ज वाढतात तसे आपण फॉर्मवर जास्त आणि टेबलावर कमी अवलंबून राहतो.

तुमच्यातले काहीजण यंदा लंडनला, न्यूयॉर्कला किंवा पुण्यातच कुठेतरी अर्ज करत असाल. नकार आला तर एवढं बघा की त्या फॉर्मने काय विचारलं होतं आणि काय विचारलंच नव्हतं. आणि मास्टर्सची जागा मिळत असेल आणि तिथे बोलायला टेबल असेल, तर बॉमल गेला होता हे लक्षात असू द्या. नव्वदी पार करून २०१७ मध्ये तो गेला, तोवर जगभरच्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकांत त्याचं नाव आलेलं होतं.

तुम्ही भरलेल्या एखाद्या फॉर्ममध्ये असा कुठला प्रश्न होता, जो कशासाठी विचारलाय हे तुम्हाला आजही कळलेलं नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात निवडक ऐकवतो. भेटू!